शिळा उचलताना : अमरावतीच्या महाचैत्याचे स्थलांतर आणि संग्रहालयातील मांडणी

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वत्तक्खन्धक नावाचे एक प्रकरण आहे. विहारात आलेल्या आगंतुक भिक्खूने कसे वागावे, भोजनाच्या वेळी कसे बसावे, अशा नित्याच्या आचाराचे नियम त्यात एकत्र आले आहेत. त्यात तत्त्वचर्चा नसल्यामुळे अभ्यासक ते बहुधा भराभर ओलांडून पुढे जातात. त्यातील सेनासनवत्त, म्हणजे निवासस्थान व तेथील सामान यांविषयीचे नियम, आम्हांला मात्र एका वेगळ्याच कारणाने महत्त्वाचे वाटतात. विहार झाडावयाचा असेल तेव्हा सामान बाहेर कसे काढावे हे तेथे तपशिलाने सांगितले आहे. मंचक नेताना तो खाली झुकवावा, दाराला वा चौकटीला घासू देऊ नये, आदळू देऊ नये. जमिनीवरील अंथरूण उचलण्यापूर्वी ते कसे अंथरले होते ते नीट ध्यानात घ्यावे. ऊन देऊन, स्वच्छ करून, झटकून ते परत आणावे आणि पूर्वी होते तसेच अंथरावे. पात्र ठेवताना एका हाताने पात्र धरावे, दुसऱ्या हाताने मंचकाखालची जागा चाचपून पाहावी आणि मगच पात्र ठेवावे. उघड्या भूमीवर ते ठेवू नये.

संग्रहालयात वस्तू हाताळणाऱ्या आणि मांडणाऱ्या माणसांना जे आरंभीचे धडे दिले जातात, ते याहून फारसे निराळे नाहीत. हलविण्यापूर्वी वस्तूची स्थिती नोंदवा. मार्ग आधी पाहून ठेवा. ती कोठे ठेवायची ते ठरल्याशिवाय उचलू नका. उघड्या फरशीवर टेकवू नका. हे वरवर पाहता हमालीचे नियम वाटतात. परंतु बौद्ध शिल्पांच्या बाबतीत हे नियम न पाळल्याने काय घडले, हे पाहावयाचे असेल तर अमरावतीच्या महाचैत्याच्या शिळांची गेल्या सव्वादोनशे वर्षांची हकीकत पाहावी. मूर्तिभंजनाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते आणि ती व्हावयासही हवी. पण रक्षणाच्या नावाखाली केलेल्या उचल-ठेवीने झालेल्या हानीकडे आपले लक्ष फारसे जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी हानी आहे.

आंध्र प्रदेशात कृष्णा नदीच्या दक्षिण तीरावर, प्राचीन धान्यकटकाजवळ हा महाचैत्य उभा होता. त्याचा आरंभ इ.स.पूर्व काळात झाला आणि सातवाहनांच्या राजवटीत त्याला त्याचे वैभवशाली रूप आले. स्तूपाभोवती शिळांचा उंच कठडा होता. उभे स्तंभ, त्यांत बसविलेल्या आडव्या सूची आणि वर उष्णीष अशी त्याची रचना होती. दीघनिकायातील महासुदस्सन सुत्तात प्रासादाच्या वर्णनात थम्भ, सूचि व उण्हीस हे तिन्ही शब्द एकत्र आले आहेत. पालि वाचकाला हा कठडा परका वाटू नये. हे सारे काम पलनाड भागातील फिकट, हिरवट-करड्या चुनखडीच्या दगडात केलेले आहे. इंग्रज लेखकांनी त्याला संगमरवर म्हटले. तो संगमरवर नव्हे. तो बारीक कणांचा, कोरण्यास अनुकूल आणि म्हणूनच दुखापतीसही लवकर बळी पडणारा दगड आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक जमीनदार वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू यांनी नवे गाव वसविताना या टेकाडातील दगड बांधकामासाठी काढण्यास आरंभ केला. काही शिळा चुन्याच्या भट्टीतही गेल्या. कॉलिन मॅकेंझी यांनी १७९७ साली हे स्थळ पाहिले आणि १८१६ मध्ये ते पुन्हा तेथे आले. मधल्या काळात पुष्कळ नष्ट झालेले होते. त्यांनी आपल्या साहाय्यकांकडून शिळांची मोजमापांसह काळजीपूर्वक आरेखने करून घेतली. पुढे ज्या शिळा हरवल्या, त्यांतील अनेकांचे आज उरलेले एकमेव रूप म्हणजे ही आरेखने होत. काही शिळा मच्छलीपट्टणला, काही कलकत्त्याला गेल्या. मच्छलीपट्टणच्या बाजारपेठेत तर त्या शोभेसाठी उभ्या करण्यात आल्या.

यानंतर १८४५ साली सर वॉल्टर एलियट यांनी उत्खनन केले आणि निघालेल्या शिळा मद्रासला पाठविल्या. तेथे त्या चौदा वर्षे उघड्यावर, ऊन-पावसात पडून राहिल्या. त्यांना लंडनला पाठवावयाचे ठरले तेव्हा, १८५८ साली, मद्रास सरकारचे छायाचित्रकार लिनियस ट्राइप यांनी त्यांची छायाचित्रे घेतली. प्रवासापूर्वीची ही नोंद फार मोलाची ठरली, कारण आजची शिळा आणि तेव्हाची शिळा यांची तुलना तिच्यामुळेच शक्य होते. १८५९ मध्ये १२१ शिल्पखंड जहाजाने निघाले. लंडनला पोहोचल्यावर ते प्रथम साउथवर्कच्या धक्क्यावरील गोदामात पडले. पुढे व्हाइटहॉलमधील फाइफ हाउस येथे, जेथे इंडिया म्युझियम होते, काही शिळा इमारतीच्या बाहेर उघड्यावर लावल्या गेल्या आणि बाकीच्या गाडीखान्यात टाकण्यात आल्या. १८६७ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी छायाचित्रे जमवीत असताना जेम्स फर्ग्युसन यांना त्या त्या गाडीखान्यात सापडल्या. मद्रासच्या उन्हाने तापलेला आणि मग लंडनच्या कोळशाच्या धुरात व थंडीत ठेवलेला चुनखडीचा दगड! धुरातील आम्ल पावसाबरोबर अशा दगडावर पडले की त्याचा पृष्ठभाग विरघळू लागतो, आणि भेगांत साचलेले पाणी गोठले की दगडाचे पापुद्रे सुटतात.

इंडिया म्युझियम मोडल्यानंतर १८८० मध्ये हा संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे आला आणि तेथील मुख्य जिन्याच्या भिंतींवर बसविला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिळा तेथून हलविल्या गेल्या. त्यानंतर त्यांतील बहुसंख्य शिळा कित्येक वर्षे भांडारातच होत्या. हवामान नियंत्रित असलेले, काचेने वेगळे केलेले स्वतंत्र दालन त्यांना १९९२ साली मिळाले. म्हणजे भारत सोडल्यापासून योग्य जागा मिळेपर्यंत १३३ वर्षे गेली.

आता मद्रासकडे वळू. १८८० साली मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांच्या आज्ञेने अमरावतीचे संपूर्ण टेकाड मोकळे करण्यात आले. हे काम शोध म्हणून नव्हे, तर सफाई म्हणून झाले. कोणती शिळा कोठे, कोणत्या थरात, कोणत्या शिळेशेजारी सापडली याची पुरेशी नोंद झाली नाही. पुढच्याच वर्षी जेम्स बर्जेस तेथे पोहोचले तेव्हा स्तूपाच्या जागी खड्डा होता. प्राचीन वास्तूंचे तत्कालीन अधिकारी एच. एच. कोल यांनी शिळा मूळ स्थानीच राखाव्यात, दूरच्या संग्रहालयांना प्रतिकृती द्याव्यात, अशी भूमिका घेतली होती. ती मान्य झाली नाही. शिळा मद्रासच्या संग्रहालयात गेल्या आणि तेथे त्या सिमेंटमध्ये भिंतींत चिणून बसविण्यात आल्या.

या सिमेंटविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या विहारांतही तोच प्रकार आजही होताना दिसतो. सिमेंट चुनखडीच्या दगडापेक्षा कठीण आणि कमी सच्छिद्र असते. भिंतीतील ओल बाहेर पडण्यासाठी सोपी वाट शोधते. ती वाट सिमेंटमधून नसून दगडातून असते. सिमेंट, विटा आणि जमीन यांतील विद्राव्य क्षार ओलीबरोबर दगडात शिरतात आणि पृष्ठभागाशी पाणी सुकले की तेथे त्यांचे स्फटिक बनतात. स्फटिक वाढताना दगडाच्या सूक्ष्म छिद्रांवर आतून दाब देतात. शिल्पकाराने ज्या थरावर छिन्नी चालविली तो वरचा थर, म्हणजे चेहऱ्याची रेषा, वस्त्राची चुणी, बोधिवृक्षाचे पान, नेमका तोच भुगा होऊन गळतो. मद्रासची दमट, समुद्रालगतची हवा यात भर घालते. शिवाय सिमेंट एकदा घट्ट झाले की शिळा परत काढणे हे स्वतःच एक धोक्याचे काम होते: छिन्नी मारावी तर कंप दगडात जातो, करवत चालवावी तर कडा जातात. म्हणूनच आजच्या संग्रहालयशास्त्राचा दंडक असा आहे की कोणतीही जोडणी पुन्हा सोडविता येईल अशीच असावी. शिळा भिंतीत रुतवू नये. ती भिंतीपासून अंतर राखून गंजरोधक पोलादाच्या आधारांवर तोलावी आणि धातू व दगड यांच्यामध्ये मऊ अस्तर द्यावे. साधे लोखंड वापरू नये, कारण ते गंजले की फुगते आणि आतूनच दगड फोडते.

एक शिळा हलविण्यास किती विचार लागतो, याचा हिशेब मांडून पाहू. दोन मीटर उंच, एक मीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर जाड अशी शिळा घेतली तर तिचे वजन सुमारे ८०० किलो भरते. माणसांनी खांद्यावर घेण्याची ही वस्तू नव्हे, पण केवळ यंत्र आहे म्हणून निश्चिंत व्हावे असेही नाही. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. अशी शिळा आडवी उचलली आणि मधोमध आधार नसला, तर ती स्वतःच्याच वजनाने दुभंगू शकते. म्हणून ती कडेवर उभी, तिरप्या चौकटीला टेकवून नेतात. उचलण्यासाठी घोडीवर टांगलेली चेनपुली आणि रुंद कापडी पट्टे वापरतात; साखळी किंवा तारेचा दोर दगडाला लागू देत नाहीत. जुना सांधा, जुनी भेग, पूर्वी भरलेला चुना कोठे आहे ते आधी पाहून पट्टा तेथे येणार नाही अशी योजना करतात. वाटेतील प्रत्येक दाराचे माप घेतलेले असते, जमीन हे वजन पेलेल की नाही ते विचारलेले असते, आणि शिळा टेकवावयाच्या जागी लाकडी ठोकळे आधीच मांडलेले असतात. आज्ञा एकाच माणसाने द्यावयाची असते, पण थांबा म्हणण्याचा अधिकार तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला असतो. या अखेरच्या नियमाचे महत्त्व कोणताही अनुभवी मुकादम सांगेल, कारण पट्टा सरकत असल्याचे पहिल्यांदा पदाधिकाऱ्याला दिसत नाही, पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या मजुराला दिसते.

आणि येथे एक विसंगती मनाला टोचते. अमरावतीच्या शिळांवर दात्यांचे लेख आहेत. त्यांत गृहपती आहेत, व्यापारी आहेत, भिक्खू-भिक्खुनी आहेत, उपासिका आहेत. एका लेखात विधिक नावाच्या चंमकाराने, म्हणजे चर्मकाराने, पूर्णघटाची शिळा दान दिल्याची नोंद आहे. तो नाग नावाच्या उपाध्यायाचा पुत्र. आई, पत्नी, भाऊ, मुलगा, मुली आणि नातलग-मित्रांसह त्याने हे दान दिले. चामड्याचे काम करणारा माणूस आपल्या व्यवसायाच्या नावानिशी, लपवाछपवी न करता, महाचैत्यावर आपले नाव कोरवून घेतो, हा पुरावा जातिसंस्थेच्या इतिहासाच्या दृष्टीने किती मोठा आहे हे या नियतकालिकाच्या वाचकांस वेगळे सांगण्याचे कारण नाही. उलट एकोणिसाव्या शतकात याच शिळा ज्या गाडीवानांनी, नावाड्यांनी व मजुरांनी वाहिल्या, त्यांपैकी कोणाचे नाव आम्हांला छापील वृत्तांतांत आढळले नाही. साहेबांची नावे संग्रहाला मिळाली. ‘एलियट मार्बल्स’ हे नाव तर बराच काळ चालले.

असे लेख पुष्कळदा शिल्पाच्या मुख्य चौकटीत नसून कडेच्या अरुंद पट्टीवर असतात. शिळा भिंतीत बसविताना गिलावा जर दोन बोटे पुढे आला तर तीच पट्टी झाकली जाते. मांडणी करणाऱ्याला ब्राह्मी लिपी येत नसली तरी चालेल, पण त्या कडेला अर्थ आहे हे कोणीतरी त्याला सांगितलेले असले पाहिजे.

मांडणीचा अर्थाशी असलेला संबंध याहूनही खोल आहे. स्तूपाच्या कठड्याला आत आणि बाहेर अशा दोन बाजू होत्या. बाहेरून मुख्यतः कमळांची वर्तुळे दिसत. प्रदक्षिणामार्गावर आत आल्यावर तथागतांच्या चरित्रातील व जातकांतील प्रसंग डोळ्यांसमोर येत. स्तंभ भिंतीला टेकवून लावला की एक बाजू नाहीशी होते आणि उपासकाचे चालणेही नाहीसे होते. जिन्यावर लावलेली शिळा ही चढता-उतरता पाहण्याची शोभेची वस्तू बनते. उलट स्तंभ, सूची व उष्णीष एकमेकांत बसवून कठड्याचा एखादा भाग उभा केला तर पाहणाऱ्याला निदान हे एका वास्तूचे अवयव आहेत एवढे कळते. प्रकाशाचेही तसेच आहे. उथळ कोरीवकामावर समोरून भरपूर दिवे सोडले तर आकृती सपाट होऊन जातात. कडेने येणारा तिरपा प्रकाश हवा.

ब्रिटिश म्युझियममधील एका शिळेचा या संदर्भात उल्लेख केलाच पाहिजे. तिच्या एका बाजूला इ.स.पूर्व पहिल्या शतकातील काम आहे: बोधिवृक्ष आणि त्याखालचे रिक्त आसन, भोवती वंदन करणारे लोक. पुढे इ.स. तिसऱ्या शतकाच्या सुमारास तीच शिळा उलटवून दुसऱ्या बाजूवर संपूर्ण स्तूपाचे चित्र कोरण्यात आले, आणि त्या स्तूपाच्या द्वारात बुद्ध मानवी रूपात उभे आहेत. प्रतीकाकडून बुद्धरूपाकडे झालेला सारा प्रवास एका दगडाच्या दोन पृष्ठांवर आहे. अशी शिळा जर भिंतीत चिणली गेली असती, तर बौद्ध कलेच्या इतिहासाचे एक पान कायमचे बंद झाले असते.

सर्वच कथा अनास्थेची आहे असे नाही. नागार्जुनसागर धरणामुळे नागार्जुनकोंड्याचे खोरे पाण्याखाली जाणार हे निश्चित झाल्यावर १९५४ ते १९६० या काळात तेथे मोठ्या प्रमाणावर उत्खनन झाले. निवडक नऊ वास्तू उकलून, पुढे बेट बनलेल्या टेकडीच्या माथ्यावर पुन्हा उभारण्यात आल्या, इतर काहींच्या प्रतिकृती केल्या गेल्या, आणि १९६६ मध्ये बेटावरचे संग्रहालय सुरू झाले. खोरे गेले ते गेलेच. पण कोणती वास्तू कोठे होती हे आज सांगता येते. १८८० च्या अमरावतीविषयी तसे म्हणता येत नाही. दोन्ही ठिकाणचा दगड एकाच जातीचा आहे, फरक पडला तो आधी नोंद केल्यामुळे.

आपल्या विहारांत आता थायलंड व अन्य देशांतून दानात आलेल्या धातूच्या बुद्धमूर्ती आहेत. अनेक ठिकाणी बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू, पत्रे, छायाचित्रे जपून ठेवलेली आहेत. श्रद्धा उदंड आहे, परंतु हाताळण्याची रीत शिकविण्याची सोय नाही. मूर्ती उचलताना तिच्या हाताला किंवा मस्तकावरील ज्वालेला धरू नये, कारण ओतकामात हेच भाग नाजूक असतात. दोन्ही हात बैठकीखाली घालावेत. ओली फुले मूर्तीच्या अंगावर न ठेवता पुढ्यात वेगळ्या पात्रात ठेवावीत. जुने पत्र हौसेने लॅमिनेशन करून आणणे हा तर त्याच्यावर केलेला अन्यायच होय, कारण त्या उष्णतेतून आणि चिकट थरातून कागद पुन्हा सुखरूप बाहेर काढता येत नाही. वस्त्र आणि शाई यांना उजेड मारतो, म्हणून त्या पेटीवर सतत दिवा नको.

या शिळा परत आणाव्यात काय, हा प्रश्न आम्हांला व्याख्यानांच्या शेवटी हमखास विचारला जातो. २०२५ साली पिप्रहवा येथील रत्ने लिलावापासून परावृत्त होऊन भारतात परतली, तेव्हापासून तो अधिकच विचारला जातो. मागणी न्याय्य आहे असेच आमचे मत आहे, जरी ब्रिटिश म्युझियमच्या १९६३ च्या कायद्याने तेथील विश्वस्तांचे हात बरेचसे बांधलेले असले तरी. परंतु पिप्रहवाची रत्ने ओंजळीत मावणारी आहेत. येथे शंभराहून अधिक शिल्पखंडांचा प्रश्न आहे, त्यांपैकी कित्येक आधीच भेगाळलेले आहेत. त्यामुळे मागणीपत्रात न्यायाबरोबर पुढील गोष्टीही लिहाव्या लागतील: ओल न चढणारी इमारत, स्थिर आर्द्रता, सोडविता येणारे आधार, प्रशिक्षित आणि नियमित वेतनावरील हाताळणी कर्मचारी, आणि प्रत्येक शिळेचा निघण्यापूर्वीचा व पोहोचल्यानंतरचा स्थितिलेख. चेन्नईतील शिळांसाठीही हीच मागणी आज, कोणत्याही परदेशी कायद्याची अडचण नसताना, करता येते.

विनयाचा नियम असा की वस्तू पूर्वी होती तशीच परत ठेवावी. अमरावतीच्या बाबतीत ‘पूर्वी होती तशी’ म्हणजे कशी, हे ठरविण्यास मॅकेंझी यांची आरेखने, ट्राइप यांची छायाचित्रे आणि शिळांच्या पाठीवरील, कडांवरील खाचा एवढीच साधने आहेत. सूची ज्या खाचेत बसत होती तिची खोली आणि उतार मोजून दोन स्तंभ शेजारी होते की नाही हे काही वेळा सांगता येते. लंडन, चेन्नई, कोलकाता, दिल्ली आणि अमरावती येथील सर्व खंडांची अशी मोजमापे एकत्र मांडण्याचे काम पुष्कळ उरले आहे. आणि ज्या शिळांच्या पाठी अजून सिमेंटमध्ये आहेत, त्यांच्या खाचा मोजता येत नाहीत.